रोक्काव्हेर्माची शेवटची खोली

गाडीची किल्ली खुंटीला आहे, नोएमी. खुशाल घेऊन जा. ब्रेक जरा आधीपासून दाबायचा, एवढं एलियाला सांगून ठेव. आणि जाण्याआधी फोनमधली ती खोली मला एकदा दाखव. माझा चष्मा आत राहिलाय, तूच वाच. समुद्राकडची खिडकी, दोघांचा पलंग, ऐन ऑगस्टात, आणि भाडं एवढंसं. हं.

हस, एलिया, हस. म्हातारा नातीला पाठवायला कां-कू करतोय, असंच वाटतंय ना तुला? तसं काही नाही. तुमचं लग्न ठरलंय, दोन दिवस कुठं जाऊन आलात तर माझं काय जातंय? पण तुमची आजी आता झोपलीय, तिच्यादेखत मला हे बोलता येत नाही. गच्चीतला दिवा मालव, डास येतात. बसा दोघं. ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर गुदरली त्यानंच मला सांगितली. आणि शेवटचं जे आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

इव्हो बेर्रुती त्याचं नाव. अलेस्सांद्रियाच्या रेल्वे कारखान्यात मी डबे रंगवायचो, तेव्हा तो पोरसवदा होता. ब्रश धरायला मीच शिकवलं त्याला. मला गास्पारेकाका म्हणायचा, अजून म्हणतो. माणूस सरळ. एकच खोड, कुठलीही गोष्ट पुढच्या वर्षावर टाकायचा. ओर्नेलाशी लग्न केलं तेव्हा तिला म्हणाला होता, समुद्रकाठच्या एखाद्या गावात जाऊ, खिडकीतून पाणी दिसेल अशी खोली घेऊ. मग त्याची आई अंथरुणाला खिळली. मग जादा पाळ्या आल्या. मग छप्पर गळायला लागलं. अकरा वर्षं गेली. सपाट मुलखातल्या त्या गावातून समुद्र गाडीनं दोन तासांवर. पण जाणं झालं नाही ते नाहीच.

ओर्नेला औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. आणि नेमकी तीच हळूहळू बोलायची बंद झाली. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत तिनं जेवणाच्या टेबलावर त्याला सांगितलं, "मी कुनेओला बहिणीकडे राहायला जातेय. कायमची. भांडण नको, इव्हो. माझ्यात भांडायचीसुद्धा ताकद उरलेली नाही."

इव्हो रडला, पाया पडला म्हण ना. शेवटी म्हणाला, "मला फक्त दोन रात्री दे. समुद्रावर. मी कबूल केलेल्या. त्यानंतर मी तुला अडवणार नाही."

तिनं ताटं एकात एक ठेवली. म्हणाली, "दोन रात्री. आणि मग खरंच अडवायचं नाही."

आता तुम्हाला मी सांगायला नको, पंधरा ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाला आपल्या किनाऱ्यावर खोली मिळवणं म्हणजे काय. सगळा देश पाण्याकडे धावतो. पण ओर्नेलाला सुट्टी तेवढ्याच दिवसांत होती. इव्हो रात्र-रात्र फोनमध्ये डोकं घालून बसायचा. जिथं समुद्र दिसे तिथलं भाडं परवडेना, जे परवडे तिथं खिडकी मागच्या बोळात उघडे. आणि एक दिवस सापडली. रोक्काव्हेर्मा, आपल्यापासून तीन स्टेशनं पलीकडचं गाव. गच्ची, गच्चीवर जांभळी बोगनवेल, खाली निळं पाणी. त्यानं तिथल्या तिथं पैसे भरले आणि कारखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवत सुटला.

चौदा ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी सातच्या गाडीनं दोघं उतरले. ओर्नेलानं निळा झगा घातला होता. तेवढ्यानंच इव्हो हरखला होता. बॅग ओढत, विचारत-विचारत पत्त्यावर पोचले, तर तिथं होडीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. शटर ओढलेलं. ना गच्ची, ना वेल. फोन लावला, तो नंबरच अस्तित्वात नाही.

समोरच्या पायरीवर मटार सोलत बसलेली म्हातारी म्हणाली, "या उन्हाळ्यातलं तुमचं पाचवं जोडपं. मागचे दोघं जर्मन होते, ते इथंच भांडायला लागले."

ओर्नेला भांडली नाही. बॅगेवर बसली आणि समुद्राकडे बघत राहिली. इव्हो मला म्हणाला, "काका, तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

मग सुरू झाली वणवण. एका घरगुती लॉजची मालकीण हसलीच. "आज? अहो, माझ्या स्वतःच्या पलंगावर मिलानोचे लोक झोपलेत. मी स्वयंपाकघरात सतरंजी टाकून पडते." दुसऱ्या ठिकाणी एक खोली होती, तिचं भाडं ऐकून इव्होला वाटलं, हा महिन्याचं सांगतोय. चर्चच्या धर्मशाळेत पाद्रीबाबा हळहळले, पण तिथं यात्रेकरू व्हरांड्यापर्यंत झोपलेले. कुणी वरच्या वाडीत पाठवलं. चारशे पायऱ्या चढून गेले, तिथं लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. पुन्हा चारशे पायऱ्या खाली. ओर्नेलाची सँडल तुटली. ती हातात घेऊन अनवाणी चालायला लागली.

एका दारात तर इव्होनं त्या माणसाचा हातच धरला. "माझ्यासाठी नाही हो. तिच्यासाठी. गाद्या नसल्या तरी चालेल, खिडकी असू द्या फक्त." त्या माणसानं घाबरून हात सोडवून घेतला.

दहा वाजून दहा मिनिटांची शेवटची गाडी निघून गेली, तिचे दिवे बोगद्यात शिरताना दोघांनी बघितले.

धक्क्यावर एक छोटा बार होता. देल्फिना नावाची बाई चालवायची. इव्होनं तिच्याकडे पाणी मागितलं, आणि पाणी पिता-पिता त्याला रडू फुटलं. बाहेर ओर्नेला पाठ करून बसलेली. देल्फिनानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ काउंटर पुसत राहिली.

म्हणाली, "एक खोली आहे. धक्क्याच्या टोकाला कड्याखालचं घर. आम्ही ती भाड्यानं देत नाही."

आतून तिचा नवरा दारात आला. "देल्फिना, नको."

"मग काय दगडांवर झोपू दे? त्याच्या बायकोचे पाय बघ."

"मी नको म्हणतोय."

"तू आत जा." तिनं फडताळातून किल्ली काढली. इव्होला म्हणाली, "पैशाचं सकाळी बघू, जे परवडेल ते द्या. चादरी कालच धुऊन घातल्यात. एक सांगते. रात्री कुणी एकट्यानं बाहेर पडू नका. गेलात तर दोघं जा, आलात तर दोघं या."

"का हो?"

"पायऱ्या शेवाळलेल्या आहेत," देल्फिना म्हणाली. आणि त्याच्याकडे न बघता ग्लास धुवायला लागली.

खोली कशी होती म्हणून सांगू? पांढऱ्या भिंती, लोखंडी पलंग, कडक इस्त्रीच्या चादरी. पलंगाच्या डाव्या अंगाला खिडकी, आणि खिडकीभर समुद्र. अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र होता, त्याची वाट पाण्यावरून सरळ खिडकीपर्यंत आलेली. फोटोतल्या खोलीनं लाजावं. ओर्नेला खिडकीशी उभी राहिली. ओले पाय तसेच फरशीवर. आणि कित्येक महिन्यांनी ती हसली.

"अकरा वर्षं लागली तुला," ती म्हणाली.

देल्फिनानं बांधून दिलेला फोकाच्चा पाव होता, खारवलेले मासे होते, अर्धी बाटली वाईन. दोघांनी खिडकीतच बसून खाल्लं. ओर्नेलानं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल केली. इव्हो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला वाटलं, झालं. वाचलो. झोपताना त्यानं हळूच विचारलं, "ओर्नेला, अजूनही जाणार?"

ती म्हणाली, "झोप, इव्हो."

ती खिडकीच्या बाजूला, तो दाराच्या बाजूला. चंद्र मावळेपर्यंत तो जागा होता. मग झोप लागली.

जाग आली तेव्हा त्यानं उशाखालचा फोन बघितला. एक वाजून बावन्न मिनिटं. फोनला नेटवर्क नव्हतं. कशानं जाग आली ते त्याला कळेना.

मग पुन्हा वाजलं. दार. बोटाच्या पेरानं कुणीतरी हलकेच वाजवत होतं.

"इव्हो. दार उघड."

ओर्नेलाचा आवाज.

"इव्हो, मी सिगारेट ओढायला बाहेर आले. दार पाठीमागं आपटलं, कडी आतून पडली. उघड लवकर, गार वाटतंय."

तो उठायला लागला. आणि सवयीनं त्याचा डावा हात बाजूला गेला.

बाजूला ओर्नेला होती.

पाठ करून झोपलेली. खांदा गरम. केसांना तिच्या त्या लिंबाच्या साबणाचा वास. श्वास संथ चाललेला.

इव्हो तसाच बसून राहिला. स्वप्न असेल म्हणून त्यानं स्वतःची मांडी चिमटली. दुखलं.

"इव्हो? झोपलास का?" दारापलीकडून.

त्यानं तोंड उघडलं.

"उघडू नकोस," पलंगावरची म्हणाली.

तोच आवाज. तसाच. किंचित घोगरा, झोपेतला.

दिवा तिच्या बाजूला होता. तिच्यावरून हात नेल्याशिवाय लागला नसता. त्यानं हात नेला नाही.

ती खिडकीकडे तोंड ठेवूनच बोलली. हळू. "मी जाणार नाही कुनेओला. आज खिडकीशी उभी होते ना, तेव्हाच ठरवलं. तुझ्याजवळ राहीन. इथंच राहू आपण. तू एवढा फिरलास माझ्यासाठी… मी बघत होते सगळं."

नोएमी, हे ऐकायला तो माणूस किती आसुसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भीतीचं किती आणि सुखाचं किती, त्यालाच सांगता आलं नाही.

बाहेरून दार जोरात वाजलं. "इव्हो, चेष्टा पुरे. मला ऐकू येतंय तुझं रडणं. उघड."

तो उठला. अंधारात चाचपत दारापर्यंत आला. दाराखाली चार बोटं फट होती, बाहेरच्या बल्बचा उजेड तिथून आत येत होता. त्या उजेडात एक सावली. बसलेली.

कडीवर हात ठेवला. आणि त्यानं विचारलं. कुणाला विचारलं, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"तू मला सोडून जाणार आहेस?"

"कधीच नाही," पाठीमागून लगेच उत्तर आलं.

बाहेर पाणी दगडांवर आपटत होतं.

मग बाहेरची म्हणाली, "हो. जाणार आहे. ते आपलं ठरलंय, इव्हो… पण आता दार उघड."

बघा. एक म्हणते राहते. एक म्हणते जाते. आवाज एकच. पाठीमागची गरम आहे, मायेनं बोलते आहे. दारातली जाणारच आहे.

खरी कुठली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं, म्हणाला. लगेच कळलं होतं.

तरी कडी निघेना.

पलंग करकरला. फरशीवर पाऊल वाजलं नाही. पण त्याच्या मनगटावर हात आला. मऊ. ओळखीचा. अंगठ्यानं मनगट कुरवाळत राहिला.

"ती जाणारच आहे," अगदी कानाशी. "मग उघडून काय मिळणार तुला?"

तो उभा राहिला.

बाहेरचा बल्ब गेला. फट काळी झाली.

"इव्हो…" आता बाहेरचा आवाज बदलला. "इव्हो, खाली पायऱ्यांवर कुणीतरी आहे."

तो उभाच.

"वर येतंय. इव्हो… मी पाया पडते…"

मनगटावरचा अंगठा फिरतोय.

"इव्हो…"

मग बाहेर ती रडायला लागली. ओर्नेला रडत नसे. लग्नात नाही, बाप गेला तेव्हा नाही. त्यानं ते रडणं कधी ऐकलंच नव्हतं. म्हणून तर…

त्यानं कडी ओढली.

ओर्नेला त्याच्या अंगावर कोसळली. गार, थरथरणारी, तोंडाला सिगारेटचा वास. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. काळोख आणि पाणी. मनगटावरचा हात केव्हा सुटला ते त्याला कळलं नाही.

त्यानं मागं वळून पाहिलं. डोळे आता सरावले होते. पलंगावर चादर कुशीवर झोपलेल्या बाईसारखी उंच होती. खांदा, कंबर, गुडघे. दोघांच्या देखत ती हळूहळू खाली बसली. हवा गेल्यासारखी.

ओर्नेलानंही पाहिलं ते. किंचाळली नाही. तिनं बॅग उचलली, तुटकी सँडल उचलली, आणि दोघं बाहेर पडले. किल्ली दारातच राहिली. उरलेली रात्र स्टेशनच्या बाकावर काढली, दिव्याखाली, एकमेकांना न शिवता. सकाळी पाच वीसची गाडी मिळाली.

डोंगर संपले, बोगदे संपले, भाताची शेतं लागली, तेव्हा खिडकीतून बाहेर बघत तिनं विचारलं, "किती वेळ उभा होतास दाराशी?"

इव्हो बॅगेचा पट्टा चाचपत राहिला.

"मी पायरीवर बसले होते. खालच्या फटीतून मला तुझे पाय दिसत होते. बल्ब जाईपर्यंत दिसत होते. बोटं दाराकडे होती. मी हाका मारत होते, आणि तू पलीकडे नुसता उभा होतास."

"ओर्नेला, आत…"

"आत काय होतं ते मी पाहिलंय. भूत होतं म्हणू या, सैतान होता म्हणू या. त्याच्याबद्दल मी विचारतच नाहीये. मी तुला विचारतेय."

खोटं बोलणं त्याला कधी सुचलंच नाही. घरी पोचल्यावर तिनं अंघोळ केली, कॉफी केली, त्यालाही दिली. दुपारच्या गाडीनं ती कुनेओला गेली. त्यानं अडवलं नाही. तसं ठरलंच होतं.

हे सगळं कळल्यावर पुढं देल्फिनाला मी जाऊन गाठलं. मला वाटलं होतं, जुनं काहीतरी सांगेल. कुणी बुडाली, कुणाची वाट बघत बसली, असलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोघं आले होते, दोघं गेले. नशीब समजा." एवढंच. नवरा आतून ओरडला, तशी ती आत निघून गेली. कड्याखालच्या घराच्या दाराला आता फळ्या ठोकल्यात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इव्होचा मला फोन आला. काका, घर रंगवायचंय, हात द्याल का? कामावर त्याची रजा वाढत चालली होती, सगळ्यांना काळजी होती, म्हणून मी गेलो. तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर. बाहेर धुकं इतकं की समोरची इमारत दिसेना. इव्हो वाळला होता, पण शांत होता. नको इतका शांत. ही सगळी हकिकत त्यानं मला त्या दिवशी ब्रश मारता मारता सांगितली. भिंतीकडे तोंड करून.

मी म्हटलं, "पोरा, हे घर सोड. माझ्याकडे ये महिनाभर."

म्हणाला, "नाही जमणार, काका."

"का नाही जमणार? तुला एकट्याला काय अडकलंय इथं?"

तो शिडीवरून उतरला आणि रंग कालवायला स्वयंपाकघरात गेला.

झोपायच्या खोलीची भिंत राहिली होती. पलंग ओढल्याशिवाय शिडी लागेना. पलंगावर जुनी गोधडी पसरलेली होती, तिच्यावर रंग सांडू नये म्हणून मी ती उचलली.

उजवी बाजू चुरगळलेली होती, माणूस झोपून उठल्यावर असते तशी. डावी बाजू…

डावी बाजू ताठ होती. चादर कडक झालेली. उशीत डोक्याचा खळगा. खाली खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे. भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलेल्या बाईचा आकार. त्या सबंध आकारावर पांढरी खपली धरली होती, उन्हाळ्यात आपल्या खडकांच्या खळग्यांत पाणी आटल्यावर धरते ना, तशी. पावडर असेल म्हणून मी बोट फिरवलं. खडे लागले. बोट जिभेवर ठेवलं.

मीठ होतं.